लॅबचं सेफ्टी इन्स्पेक्शन आहे म्हणून जुन्या बाटल्या दुसरीकडे हलवतायत, हे थांबवू का?

पीएचडी_पाचवं_वर्ष

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. आमच्या ग्रुपमध्ये सेफ्टीचं काम हल्लीच माझ्याकडे आलंय, म्हणजे आधी जो सिनिअर बघायचा तो थिसिस सबमिट करून गेला आणि जाताना एक फाईल आणि कपाटांच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवून गेला, बाकी ट्रेनिंग बिनिंग काही नाही. लॅब मुख्यतः ऑरगॅनिक सिंथेसिसची, पलीकडच्या खोलीत एचपीएलसी, रोटाव्हॅप, व्हॅक्यूम लाइन वगैरे उपकरणं, आणि एका बाजूला सेल कल्चर पण चालतं कारण एका बायोच्या ग्रुपबरोबर काम सुरू आहे.

पुढच्या आठवड्यात युनिव्हर्सिटीच्या सेफ्टी कमिटीचं इन्स्पेक्शन आहे, तारीख आधीच कळवलीय, त्यामुळे सगळीकडे आवराआवर सुरू झालीय. त्यातल्या बऱ्याच गोष्टी चांगल्याच आहेत, दारासमोरची खोकी हलली, इमर्जन्सी शॉवरखाली कोणीतरी ठेवलेला जुना सेंट्रिफ्यूज हलला. पण एक गोष्ट मला अजिबात पटत नाहीये. ठरलंय असं की लेबल नसलेल्या बाटल्या, साठलेलं वेस्ट आणि एक्स्पायर झालेली केमिकल्स खोक्यांत भरून तेवढ्यापुरती वरच्या मजल्यावरच्या स्टोअरमध्ये ठेवायची आणि कमिटी गेली की परत आणायची. सगळेच ग्रुप असंच करतात म्हणे.

काल मी कपाटाची यादी करायला घेतली तर सगळ्यात मागे डायआयसोप्रोपिल इथर या सॉल्व्हंटची एक बाटली दिसली, अर्ध्याहून कमी भरलेली, उघडल्याची तारीख कुठेच नाही, बाटलीवर ज्याचं नाव आहे तो मुलगा कधीच पास होऊन गेला, आणि झाकणाच्या आट्यांभोवती पांढरे खडे जमलेत. मी हात लावला नाही, कपाट बंद करून किल्ली माझ्याकडेच ठेवलीय. लॅबमधला आत्ताचा दुसरा सिनिअर म्हणतो ती बाटली कमिटीला दिसायला नको, उद्या ती पण खोक्यात जाईल.

तर विचारायचं असं की कमिटी नेमकं काय काय बघते, ही हलवाहलवी मी थांबवावी का आणि थांबवायची तर कशी, कारण सर कॉन्फरन्सला गेलेत आणि सिनिअरबरोबर मला रोज एकाच हूडवर (विषारी वाफ ओढून घेणारा, पुढे काच असलेला बंदिस्त ओटा) काम करायचंय. आणि मुळात या इन्स्पेक्शनचा काही उपयोग होतो का हेही सांगा, कारण लॅबमध्ये सगळे म्हणतात की कागद रंगवायचं काम आहे.

सॉल्व्हंट_स्टोअर

ताई, बाकी सगळं नंतर, आधी ती बाटली. हात लावला नाहीत ते एकदम बरोबर केलंत. ती हलवायची नाही, झाकण फिरवायचं नाही, पुसायची नाही, आणि बाकीच्या बाटल्या काढताना तिला धक्का लागेल म्हणून ते कपाटसुद्धा आवरायचं नाही.

इथर हवेतल्या ऑक्सिजनबरोबर हळूहळू पेरॉक्साइड, म्हणजे स्फोटक पदार्थ बनवतात, आणि त्यात डायआयसोप्रोपिल इथर सगळ्यात वाईट, कारण डिस्टिल करून आटवलं नाही तरी नुसतं ठेवल्या ठेवल्या त्यात धोकादायक पातळीपर्यंत पेरॉक्साइड साठतं आणि त्याचे खडे पडतात. ते खडे झाकणाच्या आट्यांत असतील तर झाकण फिरवताना जे घर्षण होतं तेवढंही स्फोटाला पुरतं. म्हणूनच या इथरची बाटली उघडली की ३ महिन्यांत टेस्ट करायची किंवा टाकून द्यायची असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. टीएचएफ, डायइथिल इथर, डायऑक्सेन या दुसऱ्या इथरांवर पण उघडल्याची तारीख लागतेच. पेरॉक्साइडच्या टेस्ट स्ट्रिप मिळतात, पण त्या नेहमीच्या, तारीख माहीत असलेल्या बाटलीसाठी. खडे दिसतायत तिथे टेस्ट करायला म्हणून पण उघडायचं नाही.

आजच सेफ्टी ऑफिसला फोन करा आणि लगेच लेखी मेल पण टाका, सरांना सीसी करा. कपाटावर मोठ्या अक्षरात कागद लावा, त्या भागात कोणाला काम करू देऊ नका. लांबून मोबाईलवर फोटो काढलात तर त्यांना बाटलीजवळ न जाताच बरंच कळेल. असली बाटली नष्ट करायला वेगळी प्रशिक्षित माणसं लागतात, ते काम तुमचंही नाही आणि सिनिअरचंही नाही. ही बाटली खोक्यात घालून जिन्यावरून न्यायची कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे, तेवढं सिनिअरला सांगा आणि ऐकत नसेल तर किल्ली देऊ नका.

कमिटीत_होतो

वरच्यांनी बाटलीचं सांगितलंय ते शंभर टक्के. मी बरीच वर्षं अशा इन्स्पेक्शनच्या टीममध्ये होतो, केमिस्ट्री, बायो, मेकॅनिकल सगळ्या प्रकारच्या लॅब फिरलोय, तर आम्ही काय बघायचो ते सांगतो.

दारातच बरंच कळतं. बाहेरच्या पाटीवर इमर्जन्सीसाठी ज्याचा नंबर आहे तो माणूस अजून तिथे आहे का? रात्री आग लागली तर सिक्युरिटीवाला त्याच नंबरवर फोन करणार. मग बाहेर पडायचा रस्ता, मग आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा नळ, आणि शॉवर. आयवॉश आहे एवढ्यावर भागत नाही, आम्ही तो चालू करून बघायचो, आणि सुरुवातीला गंजकट तपकिरी पाणी आलं की समजायचं की इथे महिनोनमहिने कोणी नळ सोडलेला नाही. अमेरिकेतलं एएनएसआय झेड३५८.१ हे मानक म्हणतं की धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत तिथे पोचता आलं पाहिजे, कोमट पाणी सलग १५ मिनिटं यायला हवं, आयवॉश दर आठवड्याला चालवून बघायचा, आणि दांडी एकदा ढकलली की हात काढल्यावरही पाणी चालू राहिलं पाहिजे, कारण दोन्ही हातांनी पापण्या उघड्या धराव्या लागतात. शॉवरला मिनिटाला साधारण ७५ लिटर पाणी लागतं. तुमच्या हूडपासून आयवॉशपर्यंत एकदा डोळे बंद करून, सोबत कोणाला तरी घेऊन चालून बघा, वाटेत कुठलं स्टूल आडवं येतं ते लगेच कळेल.

हूडचं थोडं सविस्तर लिहितो कारण लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास हूडवर असतो आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही त्याच्याकडेच. तोंडाशी हवेचा वेग साधारण ०.४ ते ०.६ मीटर प्रति सेकंद असावा. खूप जास्त असला तरी चांगलं नाही, आत भोवरे होतात आणि वाफ उलट तोंडावर येते. स्टिकरवर तपासल्याची तारीख असते, ती बघतातच, पण तपासलं त्या दिवशी हूड रिकामा होता आणि आज त्यात मागच्या फटीला टेकून बाटल्यांची भिंत उभी आहे, तर त्या स्टिकरला काही अर्थ राहत नाही. हवा त्या मागच्या फटीतूनच ओढली जाते. हूड म्हणजे कपाट नव्हे हे आम्ही प्रत्येक लॅबमध्ये सांगायचो. काम कडेपासून निदान १५ सेंटिमीटर आत करायचं, आणि काच जेवढी खाली ठेवता येईल तेवढी ठेवायची, ती काच तुमच्या तोंडासमोरची ढाल पण असते.

केमिकल एबीसीडीप्रमाणे लावलेली असली की आम्ही थांबायचोच. दिसायला नीटनेटकं, पण नायट्रिक अॅसिडच्या शेजारी नायट्रोबेंझीन येऊन बसतं. ऑक्सिडायझर वेगळे, पेटणारी सॉल्व्हंट वेगळी, अॅसिड आणि बेस वेगळे, पाण्याशी भडकणारी वेगळी, आणि मग त्या त्या गटात हवं तर एबीसीडी. वेस्टचं पण तेच. नायट्रिकच्या वेस्टमध्ये कोणीतरी अॅसिटोनने किंवा मेथॅनॉलने धुतलेलं ओततो, झाकण घट्ट लावतो आणि घरी जातो, रात्रीतून गॅस तयार होऊन बाटली फुटते. ही गोष्ट जगभरातल्या लॅबमध्ये पुन्हा पुन्हा होते. म्हणून वेस्टच्या बाटलीवर काय काय ओतलं ते पूर्ण नावाने लिहायचं आणि दाब सोडणारं झाकण लावायचं.

सिलिंडर साखळीने बांधलेला, वापरात नसेल तर टोपी चढवलेली. घरगुती फ्रिजमध्ये सॉल्व्हंट अजिबात नाही, त्याच्या आतल्या दिव्याच्या बटणाची किंवा थर्मोस्टॅटची ठिणगी इथरच्या वाफेला पुरते. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडलेलं नको. हे सगळं चेकलिस्टवर असतंच.

पण मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ द्यायचो तो बोलण्यावर. जो कोणी बेंचवर उभा असेल त्याला विचारायचं की आत्ता काय करतोयस, यात वाईटात वाईट काय होऊ शकतं, आणि तसं झालं तर पहिल्यांदा काय करशील? गाईडला विचारायचं नाही, त्या मुलाला विचारायचं. गडबडून गेला तर त्याला दोष द्यायचा नसतो, त्याला कोणी शिकवलंच नाही असा त्याचा अर्थ, आणि रिपोर्टमध्ये आम्ही तसंच लिहायचो.

आता लपवायचं. तुम्हाला वाटतं की बाटल्या दिसल्या तर ग्रुपचं नाव खराब होईल. पण त्या दिसल्या नाहीत तर रिपोर्टमध्ये येणार नाहीत, रिपोर्टमध्ये आल्या नाहीत तर डिस्पोजलला पैसे मंजूर होणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी तुमच्या जागी जी मुलगी असेल तिला त्याच बाटल्या आणखी एक वर्ष जुन्या होऊन मिळतील. बऱ्याच गाईडना मी बघितलंय की ते वर्षानुवर्षं हूडच्या मोटरसाठी अर्ज करत असतात आणि शेवटी इन्स्पेक्शनच्या रिपोर्टमध्ये ते आल्यावरच काम हलतं. वरच्या स्टोअरला व्हेंटिलेशन आहे का, तिथे आणखी काय ठेवलंय, हे तरी कोणी बघितलंय का?

व्हॅक्यूम_लाइन

माझं मत थोडं वेगळं आहे. बाटल्या लपवू नयेत हे मान्यच, पण इन्स्पेक्शनवर लोकांचा विश्वास का नाही तेही ऐकून घ्या. २०१६ च्या मार्चमध्ये हवाई युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये स्फोट झाला, एका पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करणाऱ्या मुलीचा, हात गेला. बॅक्टेरियाला खायला देण्यासाठी हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड एकाच टाकीत दाबाखाली मिसळत होते. त्याच वर्षी जानेवारीत त्या लॅबचं नेहमीचं इन्स्पेक्शन होऊन गेलेलं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच टाकीत, यापेक्षा उघड धोका कुठला असणार, पण चेकलिस्टवर तसा रकानाच नसतो. चौकशीत बहुधा स्टॅटिक चार्जने पेट घेतला असं निघालं, आणि टाकीला हात लावल्यावर शॉक बसतो हे तिने आधी सांगितलंही होतं.

मला राग येतो तो याचा की आमच्याकडे येणारी माणसं अॅप्रनची बटणं लावलीत का, विझवायच्या नळकांड्यावरची तारीख काय आहे हे बघून जातात, आणि मी हवा लागताच पेटणारं टर्ट-ब्यूटिललिथियम बाटलीतून कसं काढतो, किती काढतो, सोबत कोण असतं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. वर कमिटीत होते त्यांनी प्रश्न विचारायचं लिहिलंय, ते वाचून बरं वाटलं, पण असं करणारे फार थोडे.

कमिटीत_होतो

@व्हॅक्यूम_लाइन तुमचा राग रास्त आहे, आणि ज्याचं नाव घेतलंत त्याचंच उदाहरण देतो.

२९ डिसेंबर २००८, यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी. २३ वर्षांची रिसर्च असिस्टंट प्लास्टिकच्या सिरिंजने टर्ट-ब्यूटिललिथियम काढत होती, दट्ट्या बाहेर निघाला, हवा लागताच ते पेटलं, अंगात सिंथेटिक स्वेटर होता आणि अॅप्रन नव्हता. १८ दिवसांनी ती गेली. आता बघा, त्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबरमध्ये, युनिव्हर्सिटीच्याच सेफ्टीच्या लोकांनी त्या लॅबचं इन्स्पेक्शन केलेलं आणि लोक अॅप्रन घालत नाहीत हे त्यांनी लिहून दिलेलं. म्हणजे दोष सापडला होता, कागदावर होता, फक्त आग लागेपर्यंत तो दूर झाला नव्हता. पुढे प्रकरण कोर्टात गेलं, प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले.

त्यामुळे अॅप्रनच्या बटणांना कमी लेखू नका, आणि तुमचा मुद्दाही सोडू नका. हवाईत धोका कागदावर आलाच नाही, इथे आला पण तिथेच राहिला. टेक्सास टेक युनिव्हर्सिटीचं २०१० चं प्रकरण वाचा, तिथे निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट हे स्फोटक १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त करायचं नाही ही मर्यादा फक्त तोंडी होती, १० ग्रॅम केलं गेलं, खलबत्त्यात फोडताना स्फोट होऊन विद्यार्थ्याची तीन बोटं गेली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या २०११ च्या अहवालात आहे की त्याच ग्रुपमध्ये त्याआधी थोडक्यात निभावलेले प्रसंग घडले होते पण त्यातून कोणी काही शिकलं नाही. म्हणून मी प्रत्येक लॅबमध्ये विचारायचो की गेल्या वर्षभरात थोडक्यात वाचलो असं कधी झालं? कधीच नाही असं उत्तर आलं की मला जास्त काळजी वाटायची.

सेल_कल्चरवाली

केमिस्ट्रीवाल्यांच्या लॅबमधलं सेल कल्चर म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण तिथे हमखास गोंधळ असतो. तुमच्याकडे आहे ते बायोसेफ्टी कॅबिनेट आहे की साधी लॅमिनार फ्लो? दिसायला सारखीच दिसतात पण लॅमिनार फ्लोमधली हवा सरळ तुमच्या तोंडावर येते, ती सॅम्पल वाचवते, तुम्हाला नाही. ह्यूमन सेल लाइन किंवा इन्फेक्शियस काही असेल तर तिथे चालणार नाही. बायोसेफ्टी कॅबिनेट दरवर्षी आणि जागा बदलली की लगेच सर्टिफाय करून घ्यावं लागतं, कारण हलवताना हवा गाळणाऱ्या हेपा फिल्टरची सील जाऊ शकते. आणि त्याच्या समोरच्या जाळीवर वही ठेवायची सवय मोडा, हवेचा पडदा तिथूनच ओढला जातो.

दुसरं, आरएनए डीएनएच्या किटमध्ये ग्वानिडीन नावाचं केमिकल असतं. त्याच्या वेस्टमध्ये ब्लीच ओतलं तर विषारी वायू निघतो. बायोवाल्यांना सगळ्यावर ब्लीच ओतायची सवय असते, तुमच्याकडे येणाऱ्या कोलॅबोरेटरना हे माहीत आहे का विचारून घ्या.

लिक्विड नायट्रोजन कुठे ठेवता? १ लिटरचा साधारण ७०० लिटर गॅस होतो, बंद खोलीत सांडला तर ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, सरळ बेशुद्ध पडतो. १९.५ टक्क्यांच्या खाली वाजणारा ऑक्सिजन अलार्म भिंतीवर हवा, आणि डबा लिफ्टमधून नेताना माणसाने सोबत बसायचं नाही.

ग्लोव्हजबद्दल एक, कारण इन्स्पेक्शनला ग्लोव्हज घातलेत का एवढंच बघतात, कुठले ते बघत नाहीत. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या हातावर १९९६ मध्ये डायमिथाइलमर्क्युरीचे मोजके थेंब पडले, लेटेक्सचे ग्लोव्हज घातलेले होते, हूडमध्ये काम होतं, त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे सगळं बरोबर होतं. ते ग्लोव्हजमधून काही सेकंदांत आरपार गेलं आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. एसडीएसचा, म्हणजे केमिकलबरोबर येणाऱ्या सेफ्टीच्या माहितीपत्रकाचा, आठवा भाग त्यासाठीच असतो, तिथे कुठल्या केमिकलला कुठला ग्लोव्ह ते बघा.

लॅब_टेक्निशियन_दादा

मी टेक्निशियन आहे म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. विद्यार्थी येतात जातात, गाईड रिटायर होतात, सामान तिथेच राहतं. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नाव असतं पण ते काय आहे हे सांगणारा कोणी उरत नाही. दिल्ली विद्यापीठाचं मायापुरीचं प्रकरण सगळ्यांनी ऐकलं असेल. किरणोत्सारी कोबाल्ट-६० चा गॅमा सेल, म्हणजे रेडिएशन देणारं यंत्र, १९६८ मध्ये घेतलेला, १९८५ पासून बंद पडून, २०१० मध्ये लिलावात भंगारात गेला. भंगारवाल्यांनी तो फोडला आणि त्यातला एक जण रेडिएशनने मेला, बाकीचे हॉस्पिटलमध्ये. ज्यांचा त्या लॅबशी काडीचा संबंध नाही अशी माणसं. म्हणून बंद पडलेलं काय काय आहे हा प्रश्न इन्स्पेक्शनमध्ये आलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. बहुतेक वेळा चालू असलेलंच बघून जातात.

आणि रात्री एकट्याने काम. २०११ मध्ये येलच्या मशीन शॉपमध्ये रात्री एकटीच काम करणाऱ्या विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकले आणि ती गेली. इन्स्पेक्शन दिवसा ११ वाजता असतं, तेव्हा लॅब भरलेली असते. रात्री १ वाजता कोण असतं, किल्ली कोणाकडे असते, हे मला विचारा, मी सांगतो, पण टेक्निशियनला कोणी विचारत नाही. ताई तुमच्या टेक्निशियनला बरोबर घ्या, कुठलं सामान कुठून आलं हे त्याला पाठ असतं.

पीएचडी_पाचवं_वर्ष

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. अपडेट देते. कालच फोन आणि मेल दोन्ही केलं, लांबूनचे फोटो पण पाठवले. सेफ्टी ऑफिसचे लोक तासाभरात आले, त्यांनी कपाट न उघडताच खोली बंद केली आणि बाहेरच्या टीमला बोलावलंय, तोपर्यंत आमचं सगळं काम थांबलंय. सिनिअर चिडलाय, त्याची रिअॅक्शन अर्धवट राहिली, पण वरचं दट्ट्याचं आणि इथरचं त्याला वाचायला दिलं, त्यानंतर खोक्यांचा विषय त्याने स्वतःच सोडला. सरांचा फोन आला, आधी थोडे वैतागले, मग म्हणाले की सगळी यादी कमिटीला दे, लपवायचं काही नाही, हूडच्या मोटरचं पण लिहून घे. आमची मोटर गेले कित्येक महिने मधेच बंद पडते.

आता प्रश्न असा की यादी केलीय ती भयंकर लांब झालीय, टेक्निशियन काकांना बरोबर घेतल्यावर तर दुप्पट झाली. कमिटीला हे कसं द्यायचं? आणि ते रिपोर्ट देऊन गेल्यावर तो फाईलला लागून तसाच पडू नये म्हणून मी काय करू शकते?

सॉल्व्हंट_स्टोअर

वा, फार बरं वाटलं वाचून. सिनिअरला म्हणावं रिअॅक्शन परत लावता येते. उरलेल्या लेबल नसलेल्या बाटल्यांचा अंदाज करायला वास घेणं, थेंब टाकून बघणं असलं काही करू देऊ नका कोणाला. अज्ञात असं लिहून, कुठल्या कपाटात सापडली आणि त्या बेंचवर आधी कुठलं काम चालायचं तेवढं लिहा, डिस्पोजलवाल्यांना त्याचा खूप उपयोग होतो. पिक्रिक अॅसिड निघालं आणि ते कोरडं पडलेलं असेल तर त्याला पण इथरच्या बाटलीसारखंच, हात न लावता फोन. सोडियम अझाइड असेल तर ते सिंकमध्ये कधी ओतलं जायचं का विचारून घ्या, तांब्याच्या किंवा शिशाच्या पाइपमध्ये त्याचे स्फोटक अझाइड बनतात आणि मग प्लंबरच्या जिवावर बेततं.

कमिटीत_होतो

यादी लांब आहे म्हणून घाबरू नका, कमिटीला अशी यादी मिळणं म्हणजे त्यांचं निम्मं काम झालं. फक्त तिचे तीन ढीग करा. एक, ज्यामुळे आज कोणाला इजा होऊ शकते, ते काम आजच बंद, दुरुस्त झाल्यावरच चालू. तुमची बाटली आणि तुमचा हूड दोन्ही यात येतात. मधेच बंद पडणाऱ्या हूडमध्ये काम करायचंच नाही, त्याच्यावर बंदचा कागद लावून टाका. दुसरं, जे ग्रुपला स्वतःला करता येतं, लेबल, साखळ्या, कपाटातली फेरमांडणी. तिसरं, ज्याला युनिव्हर्सिटीचे पैसे किंवा बांधकाम विभाग लागतो. हा तिसरा ढीग नेहमी तुमच्या माथी मारला जातो आणि तिथेच सगळं अडतं, म्हणून तो वेगळा काढून त्याच्यापुढे डिपार्टमेंटच्या हेडचं नाव लिहा, गाईडचं नाही आणि तुमचं तर अजिबात नाही.

प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख हवी. लॅबने करावं असं लिहिलं की कोणीच करत नाही. वाक्य पण नेमकं लिहायचं. हूडची स्थिती असमाधानकारक, यातून काही कळत नाही. खिडकीजवळच्या हूडची मोटर काम चालू असताना बंद पडते, या या तारखांना पडली, आत अमुक सॉल्व्हंट होतं, असं लिहिलं की ज्याच्या टेबलावर तो कागद जातो त्याला टाळता येत नाही. फोटो जोडा.

आणि कमिटी निघायच्या आधी त्यांच्याकडून परत तपासायला यायची तारीख मागून घ्या, तोंडी नको, रिपोर्टवर. त्या तारखेला कोणी आलं नाही तर तुम्हीच मेल करा की आमचं हे हे झालं, हे राहिलं, येऊन बघा. मागच्या वर्षीचा रिपोर्ट पण मागा, सोडून गेलेल्या सिनिअरच्या त्या फाईलमध्येच असेल. दोन्ही रिपोर्टमध्ये तोच मुद्दा परत आला असेल तर तो पिवळ्या मार्करने रंगवून सरांना दाखवा, कमिटीसमोर सर स्वतः बोलले तर सगळ्यात लवकर हलतं.

एचएफ, म्हणजे हायड्रोफ्लोरिक अॅसिड, वापरता का? वापरत असाल तर ते अंगावर पडल्यास लावायच्या कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब कुठे आहे आणि तिची एक्स्पायरी काय आहे ते आजच बघून ठेवा, त्याला कमिटीची वाट बघायची गरज नाही.

पीएचडी_पाचवं_वर्ष

आहे एचएफ, ट्यूब संपलेली निघाली. ऑर्डरचा मेल आत्ताच टाकला, नवीन येईपर्यंत बाटली कुलपात.